धूळ नसलेली खाच

माझ्या आतेभावाला, म्हणजे ज्याला आमच्याकडे सगळे एक्स्पर्ट म्हणतात त्याला, मी गेल्या रविवारी त्याच्याच जेवणाच्या टेबलावर चारी मुंड्या चीत केलं. शेवट आधी सांगून टाकला, कारण मला राहवत नाही. कसं केलं ते मात्र सावकाश सांगणार आहे. खरी मजा त्यातच आहे.

फार पूर्वी आजोबांचा टीव्ही बंद पडला होता आणि याने मागची वायर घट्ट बसवली. बस, तेवढ्यावर हा एक्स्पर्ट झाला. तेव्हापासून घरातल्या कुठल्याही वस्तूला प्लग असला की ती आधी त्याला दाखवायची. तो कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघतो, जीभ टाळ्याला लावून 'च्च' करतो आणि म्हणतो की वापरणाऱ्याने वाट लावली आहे.

आत्याने त्याला नवा लॅपटॉप घेतला, तेव्हा जुना मला द्यायचं ठरलं. आत्या मनाची मोठी आहे. तिने तो स्वतः पुसून, नव्या बॅगेत घालून माझ्या हातात दिला. मी इतकी खूश होते की पहिले दोन-तीन दिवस लॅपटॉप हळू आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. मला वाटलं, लॅपटॉप असेच असतात.

मग लक्षात आलं. हळू म्हणजे किती हळू? चालू करून मी अंघोळीला जायचे, वेणी घालायचे, दप्तर भरायचे, आणि परत आले तरी पडद्यावर ते गोल चाक आपलं गिरक्या घेतंय. एखादं अक्षर टाइप केलं की ते मानापानाच्या पाहुण्यासारखं वाट बघायला लावून यायचं. बाबा म्हणाले, यापेक्षा पत्र लवकर पोचेल.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण माझी फिल्म अडली होती. डाव्या पायाची एक चप्पल उजवीला शोधत घरभर हिंडते, अशी ती फिल्म. चप्पल बोटभर सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा बोटभर सरकवायची. आमच्या घरातली फरशी न फरशी मी पोटावर सरपटत मोजली आहे. मागच्या वर्षापर्यंत वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर न करणारी मी, या वर्षी सगळ्यांसमोर उभी राहिले, फिल्म कशी आहे ते सांगितलं, आणि शाळांच्या स्पर्धेसाठी आमच्या शाळेकडून जाणारी एकमेव फिल्म म्हणून कॉम्प्युटरच्या मॅडमनी माझी फिल्म निवडली. रविवारी संध्याकाळपर्यंत ती स्पर्धेच्या साइटवर चढवायची होती. नाही चढली तर शाळेची जागा रिकामी, आणि सोमवारी माझं तोंड कुठल्या खिशात लपवू? शाळेची लॅब परीक्षेसाठी कुलूप लावून ठेवलेली. म्हणजे हा एकच लॅपटॉप. आणि फोटो जोडून त्यांची फिल्म करायला सांगितली की तो हटकून बेशुद्ध पडायचा.

मी काय काय केलं नाही? नको ते प्रोग्रॅम काढले. लॅपटॉप चालू होताना आपोआप सुरू होणारं सगळं बंद केलं. व्हायरस शोधला, तर एकही सापडला नाही. एक्स्पर्टला फोन केला. त्याने सांगितलं, बंद करून चालू कर. केला. मग म्हणाला, गेम काढ. मी म्हटलं, एकही गेम नाही. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात.

वर त्याने आत्याला सांगितलं की हिने लॅपटॉपमध्ये कचरा भरलाय. आत्याने ते बाबांना सांगितलं, बाबांनी आईला, आणि आईने रात्रीच्या जेवणाला मला. आईचा एक नियम आहे, तो आमच्या घरात भिंतीपेक्षा पक्का: कुणी प्रेमाने दिलेल्या वस्तूची तक्रार करायची नाही. चपला मोठ्या असल्या तर कापूस भरायचा, पण देणाऱ्याला कळू द्यायचं नाही. त्यामुळे आत्याला मी 'लॅपटॉप वाईट आहे' असं कधीच म्हणू शकत नव्हते, आणि एक्स्पर्टला हे पक्कं ठाऊक होतं. तो याच घरातला आहे ना.

शुक्रवारी मी लॅपटॉप उचलून सरळ मॅडमकडे नेला. मॅडमनी एक खिडकी उघडली, त्यात मेमरी किती भरली आहे ते दिसतं. ती गळ्यापर्यंत भरलेली. मॅडमनी मला समजावलं की डिस्क म्हणजे कपाट आणि मेमरी म्हणजे काम करायचं टेबल. तुझं टेबल आहे पाटाएवढं, म्हणून प्रत्येक कागदासाठी हा बिचारा कपाटाकडे पळतोय आणि परत येतोय. मग त्यांनी छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, बॅटरीची वायर कशी सोडवायची ते दाखवलं आणि मागचं झाकण मला उघडायला लावलं.

आत धूळ होती. पंख्यावर, वायरींवर, कोपऱ्याकोपऱ्यात मऊ करडी धूळ. मेमरीच्या पट्ट्या बसवायला शेजारी शेजारी दोन खाचा होत्या. एकीत पट्टी होती. दुसरी रिकामी, आणि त्या रिकाम्या खाचेत धुळीचा कणही नव्हता. दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या चिमट्या लखलखत होत्या.

मॅडम म्हणाल्या, "इथे आत्ता आत्तापर्यंत काहीतरी बसलेलं होतं."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण खात्री हवी होती. घरी येऊन आत्याला फोन केला. लॅपटॉपबद्दल गोड गोड बोलले, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, आत्या, हा आधीपासून असाच आहे का गं? तर आत्या अभिमानाने सांगायला लागली, छे, मी त्यात मुद्दाम दुकानातून जास्तीची मेमरी बसवून घेतली होती, त्याच्या अभ्यासाला. पहिल्या मेमरीच्या तिप्पट.

फोन ठेवला आणि मी अंथरुणावर उताणी पडून छताकडे बघत राहिले. पट्टी काढणारा कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि ती पट्टी आता कुठे आहे, हेही. गेले महिनाभर तो सांगत फिरत होता की त्याचा नवा लॅपटॉप वाऱ्यासारखा पळतो, आणि रविवारी दुपारी त्याच्या टीमची गेमची फायनल आहे, सगळे जण नेटवर बघणार आहेत.

मी आत्याला तेव्हाच सांगू शकले असते. शनिवारी पट्टी घरी आली असती, फिल्म आरामात झाली असती. पण मग त्याने चहा पीत पीत म्हटलं असतं की अरे हो, राहूनच गेली, आणि विषय तिथेच संपला असता. कचरा भरणारी मीच राहिले असते. नाही. मला सगळे हवे होते, टेबलाभोवती, जेवून सुस्तावलेले. आणि रविवारी दुपारी आम्ही सगळे आत्याकडे जेवायलाच होतो. फिल्म हातची जाऊ शकते, हे मला कळत होतं. तरीही मी थांबले. इतका राग होता माझ्या पोटात.

रविवारी मी बॅगेत लॅपटॉप घेतला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि चेहऱ्यावर साळसूदपणा घेतला. जेवणं झाली. टेबल पुसून झालं. एक्स्पर्ट त्याच्या खोलीत जायला उठणार, इतक्यात मी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि आत्याचं कौतुक सुरू केलं. किती सुंदर लॅपटॉप दिलास, किती जपून वापरते मी, आणि शाळेत मॅडमनी मला तो आतून कसा साफ करायचा तेही शिकवलंय. दाखवू?

तक्रारीचा एक शब्द नाही. आई माझ्याकडे मान डोलावून बघत होती.

एक्स्पर्ट म्हणाला, उघडू नकोस, वॉरंटी जाते. बाबा म्हणाले, अरे, त्याची वॉरंटी कधीच संपली. मग तो म्हणाला, ही तो मोडेल. तेव्हा मी म्हटलं, दादा, म्हणूनच तू शेजारी उभा राहा ना, तुझ्याइतकं कुणाला कळतं? मग तो शेजारी येऊन उभा राहिला. आजोबांनीही खुर्ची जवळ ओढली.

मी खाली वर्तमानपत्र पसरलं, एकेक स्क्रू वाटीत टाकला, बॅटरीची वायर सोडवली आणि झाकण उचललं. आत्याने चष्मा लावला. मी एकेक गोष्ट दाखवत गेले: हा पंखा, ही डिस्क, ही मेमरीची पट्टी. मग बोट शेजारी नेलं.

"दादा, ही जागा कशाची रे?"

"ती रिकामीच असते," तो म्हणाला. फार पटकन म्हणाला.

मी मान हलवली, जणू मला पटलंच. पण आत्याला पटलं नव्हतं. ती वाकून बघत होती.

"मग मी दुकानात जाऊन काय बसवून आणलं होतं?"

आधी तो म्हणाला, ती खराब झाली होती. आत्याने विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस, आणि खराब झालेली आहे कुठे? त्यावर तो म्हणाला, तात्पुरती काढली होती. आजोबांनी विचारलं, तात्पुरती काढून ठेवली कुठे? त्याची नजर त्याच्या खोलीच्या दाराकडे गेली आणि भांडं फुटलं. एरवी आवाज न चढवणाऱ्या आत्याने तो तेव्हाही नाही चढवला. नुसतं म्हणाली, "आण. आत्ता."

तो माझ्याकडे वळला. कपाळावर घाम. "अगं, फायनल सुरू व्हायला आलीय. संपली की स्वतः बसवून देतो. प्लीज."

मी म्हटलं की आधी सगळ्यांना एक गोष्ट सांग, मी लॅपटॉपमध्ये काय भरलं होतं ते. त्याने दात-ओठ खाल्ले, पण बोलला. हिने काही भरलं नव्हतं, लॅपटॉप माझ्यामुळे हळू झाला. आईने ऐकलं, बाबांनी ऐकलं, आजोबांना नीट ऐकू आलं नाही म्हणून त्याला पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं. मग त्याने आशेने माझ्याकडे बघितलं. मी स्क्रूड्रायव्हर त्याच्यापुढे धरला.

"सांगितलं ना मी," तो म्हणाला.

"हो की. छान सांगितलंस. आता काढ."

फायनल संपेपर्यंत थांबेन असं मी कुठे म्हटलं होतं?

त्याचा लॅपटॉप त्यानेच उघडला. मी हातही लावला नाही, उगाच मोडला म्हणाला असता. पट्टी त्याच्या बोटांतून माझ्या बोटांत आली, अजून कोमट होती. मी ती खाचेत तिरकी घातली, खाली दाबली आणि दोन्ही चिमट्या कट् करून बसल्या. तो आवाज मला जन्मभर पुरेल.

लॅपटॉप चालू झाला. सगळे बघत असताना, मी पाणी पिऊन येईपर्यंत तयारसुद्धा झाला. बाबांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मी फोटो जोडायला लावले आणि पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकू लागली. खिडकीबाहेर उन्हं उतरायला लागली होती, आणि वेळ उरला होता थोडाच, बाकीचा मीच घालवला होता. अर्ध्यावर येऊन ती हिरवी पट्टी थबकली, तेव्हा मी पडद्याला नाक लावलं. मग सरकली.

तिकडे खोलीत फायनल सुरू झाली होती. दार उघडंच होतं. त्याच्या पडद्यावरचा माणूस एक पाऊल टाकायचा, गोठायचा, आणि पुन्हा हलेपर्यंत मरून पडलेला असायचा. एक्स्पर्ट माउस आपटत होता. मध्येच त्याने हाक मारून मला विचारलं की काय बंद करू, म्हणजे हा पळेल? मी म्हटलं, बंद करून चालू कर.

फिल्म झाली. साइटवर चढली. 'मिळाली' असा संदेश आला, तेव्हा मी आत्याला अशी मिठी मारली की तिचा चष्मा वाकडा झाला. बाहेर अजून उजेड होता.

आणि एक्स्पर्ट दारात येऊन उभा. हातात स्क्रूड्रायव्हर. शेवटची फेरी उरली होती, आत्ता पट्टी मिळाली तर ती तरी धड खेळता येईल, असं तो म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता त्याचा. "झालं ना तुझं सगळं?"

मी आत्याकडे बघितलं. आत्याने माझ्याकडे बघितलं. लॅपटॉप तुझा आहे, ती म्हणाली, तू ठरव.

झालं की, मी म्हटलं. पण इतके दिवस खपले मी, एकदा सगळ्यांनी मिळून बघायला नको का? आजोबांसाठी मी खुर्ची सरकवली, आईला मध्ये बसवलं. आत्याने एक्स्पर्टचा दंड धरून त्याला शेजारी बसवून घेतलं, तूही बघ रे, बहिणीने केलंय.

तो बसला. खोलीत टेबलावर पडलेल्या त्याच्या हेडफोनमधून टीमची पोरं त्याला हाका मारत होती, डासांसारखी बारीक, कुठे मेलास, अरे ये ना. आमच्या चपलेने दारातून पहिलं पाऊल टाकलं, आणि मी आवाज मोठा केला.