वहिनीच्या नावाच्या पेशी

"सर, पेशंट बाईच होत्या ना?"

प्रयोगशाळेतल्या नव्या मुलीने हे इतक्या हळू विचारलं की मास्तरांना तो प्रश्न दोनदा ऐकावा लागला. मग ते हसले.

"बाई म्हणजे काय, माझी सख्खी वहिनी होती ती. थोरल्या भावाची बायको."

मुलीने हातातला कागद त्यांच्यापुढे सरकवला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या वहिनीच्या पेशींच्या डीएनएचे ठसे तपासून आलेला तो अहवाल होता. अशी तपासणी केल्याशिवाय हल्ली कुठलंच नियतकालिक पेशींवरचा लेख छापत नाही. मुलीचा पहिलावहिला लेख होता आणि बिचारीने नियमाप्रमाणे नमुना पाठवला होता. खालून तिसऱ्या ओळीत लिंग दिलेलं होतं. तिथे एक्स होतं, आणि एक्सच्या शेजारी वाय होतं. म्हणजे पुरुष.

"नमुना बदलला असेल," मास्तर म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं, सर. म्हणून तीनदा पाठवला."

मास्तर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. तरी रोज सकाळी ते प्रयोगशाळेत येत. एके काळी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या आणि आता प्रमुख झालेल्या बाईंनी त्यांना खिडकीजवळ एक टेबल देऊन ठेवलं होतं. मास्तरांच्या नावावर आयुष्यात एकच मोठं काम जमा होतं, ते म्हणजे 'व-एक'. बावीस वर्षांपूर्वी वहिनीच्या गळ्यात थायरॉइडची गाठ आली. चार महिन्यांत माणूस नेणारा कर्करोग. गाठ काढली तेव्हा शल्यवैद्यांनी तिचा वाटाण्याएवढा तुकडा मास्तरांना दिला. तसल्या पेशी शरीराबाहेर सहसा जगत नाहीत. या जगल्या, फोफावल्या, अकरा प्रयोगशाळांत गेल्या आणि तीसेक लेखांत छापून आल्या. व म्हणजे वहिनी. हे लेखात कुठे लिहिलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रमुख बाईंनी दार लावून घेतलं आणि मास्तरांना खुर्ची दिली.

"मास्तर, जिवाला लावून घेऊ नका. पुढे कुठेतरी सरमिसळ झाली असणार. अकरा ठिकाणी गेल्यात पेशी. मधे आपला साठा खराब झाला तेव्हा आपणच बाहेरून परत मागवल्या होत्या, आठवतंय? त्याच दुसऱ्या कुणाच्या तरी आल्या. तसं लिहून टाकू या."

"कुठून मागवल्या होत्या?"

"त्या लांबच्या प्रयोगशाळेतून. त्यांना पत्र टाकलंय मी. नशीब समजा, या पेशींच्या जोरावर कुठलं औषध माणसांपर्यंत गेलं नाही."

मास्तर 'हो' म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत ते टेबलाशी जाऊन बसले, आणि दिवसभर एकच पान उघडं ठेवून बसून राहिले.

कारण त्यांना एक गोष्ट माहीत होती, जी बाईंना माहीत नव्हती. द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत, सगळ्यात खालच्या चौकटीत, त्यांनी स्वतः गोठवलेली एक कुपी होती. सातव्या आठवड्यातली. तेव्हा या पेशी दारही ओलांडून बाहेर गेल्या नव्हत्या. ती कुपी तपासली की दोष कुणाचा ते आठ दिवसांत कळणार होतं. नोंदवहीत तिची नोंद नव्हती. मास्तर गप्प बसले असते तर ती त्यांच्याबरोबरच संपली असती.

त्यांनी तीन दिवस गप्प बसून पाहिलं. चौथ्या दिवशी मुलगी उड्या मारत आली.

"सर, उलगडा झाला! त्या लांबच्या प्रयोगशाळेतून उत्तर आलंय. तिथल्या एक जुन्या तंत्रज्ञ आहेत, त्यांनी स्वतः लिहिलंय. वाचू?"

"वाच."

"'तेव्हा पेशींची कामं मी एकटीच पाहत असे. चूक माझ्या हातूनच झाली असणार. कशी, ते आठवत नाही. आठवायचा प्रयत्न करते आहे, झोप लागत नाही. आपल्या ज्येष्ठ सरांची मी क्षमा मागते.'" मुलीने मान वर केली. "किती चांगल्या आहेत ना? कुणी इतकं कबूल करतं का हो हल्ली?"

कुणीतरी भर चौकात सदरा उतरवून घ्यावा तसं वाटलं मास्तरांना. ते उठले, जाड हातमोजे चढवले आणि टाकीचं झाकण उघडलं. पांढरी वाफ फरशीवर सांडली. कुपी सापडायला दहा मिनिटं लागली. तिच्यावर त्यांचंच अक्षर होतं, तरुणपणीचं, ऐटबाज.

"ही पाठव तपासायला," ते म्हणाले. "आणि त्या तंत्रज्ञ बाईंना आजच कळव की निकाल येईपर्यंत त्यांनी स्वतःला दोष देऊ नये."

निकाल आला. कुपीतल्या पेशीही पुरुषाच्याच होत्या. नुसत्या पुरुषाच्या नव्हे. कुपी गोठवली त्या वर्षी त्याच प्रयोगशाळेत, त्याच उबदार पेटीत, वहिनीच्या तबकडीच्या वरच्या फळीवर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी वाढत होत्या. त्यांच्याशी ठसे तंतोतंत जुळले.

पाण्याचा पेला बाईंनी मास्तरांपुढे ठेवला आणि त्या उगाचच फाइली लावत राहिल्या. ते मास्तरांना जास्त लागलं.

आणि गुरुवारी दादा यायचा होता.

दादा म्हणजे मास्तरांचा थोरला भाऊ, व्यवसायाने शिंपी, आता ऐंशीला टेकलेला. वहिनी गेली त्या तारखेला तो दरवर्षी प्रयोगशाळेत येई. मास्तर सूक्ष्मदर्शकाखाली 'व-एक'ची तबकडी लावून देत. दादा एक डोळा मिटून तासभर बघत बसे आणि हलक्या आवाजात त्या पेशींशी बोलत राही. सुनेने स्वयंपाकघराला कुठला रंग दिला, नातीचा पुढचा दात कसा पडला, कंबर कशी धरते. मास्तर तेवढा वेळ बाहेर उभे राहत.

गुरुवारी दादा इस्त्रीचा सदरा घालून आला. "चल, लाव तुझं यंत्र. यंदा पुष्कळ सांगायचंय."

"दादा, आधी बस."

"बसायलाच आलोय की. आणि हे काय, तोंड का पडलंय तुझं? शाळेत नापास झालास की अस्सा दिसायचास."

"नापासच झालोय."

मग मास्तरांनी सांगितलं. जमेल तेवढ्या साध्या शब्दांत, न थांबता सांगितलं. दादा ऐकत राहिला. सांगून झाल्यावरही तो सूक्ष्मदर्शकाकडेच बघत होता.

"म्हणजे ती नाहीच त्याच्यात?"

"नाही."

"कधीच नव्हती?"

"पहिले सहा आठवडे होती. मग गेली."

"आणि हा कोण?"

"माहीत नाही. आतड्याच्या कर्करोगाचा कुणी पेशंट. फार जुना. तो कधीच वारला असेल."

दादा हसला. "चाळीस वर्षं बाप्यांचे आणि बायांचे कपडे शिवले रे मी. आणि बावीस वर्षं एका परक्या बाप्याला घरातलं सगळं सांगत बसलो. तुझ्या वहिनीच्या माहेरचं भांडणसुद्धा सांगितलं त्याला."

मास्तरांची मान खाली गेली.

"असू दे," दादा म्हणाला. "माणूस म्हटलं की चुकतो. तुला आत्ता कळलं, तू आत्ता सांगितलंस. तुझा काय दोष?"

इथे गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. दादाने स्वतःच दार उघडून दिलं होतं. मास्तरांनी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला.

"आत्ता नाही कळलं, दादा."

"म्हणजे?"

"वहिनी वॉर्डात होती तेव्हाची गोष्ट. तिच्या पेशी मरत होत्या. तबकडीत रोज कमी दिसायच्या. पण ती रोज विचारायची, 'भाऊजी, माझं काही तगलंय का तिकडे?' एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, 'झकास वाढतायत.' मग एकदा वॉर्डातली भेटायची वेळ संपत आली म्हणून मी इथलं काम उरकायची घाई केली. पेशींना घालायच्या द्रवाची बाटली प्रत्येक तबकडीची वेगळी हवी. तिची संपली होती. मी वरच्या फळीवरच्यांची घेतली, नळीही तीच. त्या बाटलीत त्यांची एखादी पेशी असली तरी पुरते. पुढच्या आठवड्यात तबकडी भरायला लागली. फारच झरझर. थायरॉइडच्या पेशी आयोडिन ओढून घेतात, या घेईनात. माझ्या मनात आलं, दादा. तेव्हाच आलं. एक साधी तपासणी केली असती तर कळलं असतं. मी केली नाही. लेखात लिहिलं की कर्करोगाने या पेशी आपलं काम विसरल्यात. लोकांनी मान डोलावली."

बाहेरच्या खोलीत यंत्राची घरघर चालू होती. दादाने सदऱ्याची कॉलर सारखी केली, सरळ होती तरी.

"तिला खोटं सांगितलंस ते कळतं मला," तो म्हणाला. "मरणाऱ्या माणसाला मीही सांगितलं असतं. मी तर मरत नव्हतो. मला का सांगितलंस?"

मास्तरांना सुचलं ते उत्तर असं होतं की तू पहिल्यांदा या खुर्चीत बसून रडलास, आणि मग बाहेर येऊन माझ्या पाठीवर हात ठेवलास. तसा हात त्याआधी कधी ठेवला नव्हतास. पण हे बोलायची त्यांना लाज वाटली.

दादा उठला. सोबत यायला निघालेल्या मास्तरांना त्याने हातानेच थांबवलं, आणि जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरत गेला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नियतकालिकासाठी खुलाशाचा मसुदा आणला. 'अनवधानाने सरमिसळ झाली,' असं त्यात होतं. मास्तरांनी ती ओळ खोडली आणि मुलीला लिहून घ्यायला सांगितलं की सरमिसळ माझ्या हातून झाली, सातव्या आठवड्यात मला संशय आला होता आणि मी तो तपासला नाही. लिहिताना मुलीने एकदाही वर पाहिलं नाही. एरवी दर दोन ओळींना प्रश्न विचारणारी ती मुलगी. त्या लांबच्या तंत्रज्ञ बाईंना पत्र मात्र मास्तरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं.

मग सकाळी अकराच्या सुमाराला त्यांनी दादाच्या घरी फोन लावला. सुनेने उचलला.

"काका, थांबा हं," ती म्हणाली, आणि तिने फोनवर हात ठेवला. पण हात नीट बसला नसावा. मागून दादाचा आवाज स्पष्ट आला, "सांग, झोपलेत म्हणून."

"काका, बाबा झोपलेत," सून चाचरत म्हणाली.

"झोपू दे," मास्तर म्हणाले. "उद्या करतो."

दुसऱ्या दिवशी अकराला त्यांनी पुन्हा फोन लावला.