डुलकीचा खोका

मालकीणबाईंना अधूनमधून असली लहर यायची. मुख्य डिझायनर कोणाला करायचं हे ठरवायचं होतं, तर त्यांनी दोघी बहिणींना जगात नसलेल्या मालाचा खोका करायला सांगितला. माल काय, तर दुपारची झोप. तिला नाव द्या, खोका द्या, दुकानात मांडता आली पाहिजे.

थोरलीचा त्या जागेवर कधीपासून डोळा होता. धाकटीला खोक्यांची डिझाइनं करणाऱ्या या ऑफिसात तिनेच चिकटवलं होतं, आणि आता त्याच धाकटीचं कौतुक ऐकून तिचे कान किटले होते. तिने झोपेला ‘विसावा’ म्हटलं, निळा खोका केला, वर उशी काढली. कडा अशा जुळवल्या की नख शिरू नये. पण असल्या उशा कोणीही काढतं, हे तिलाही कळत होतं.

धाकटी आराखडा घेऊन तिच्या टेबलाशी आली. नाव ‘डुलकी’. झाकण पापणीसारखं अर्धगोल, उघडून सोडलं की हळूहळू आपणच मिटणारं. ते बघून थोरलीला चक्क जांभई आली, आणि त्या जांभईनेच तिचा तिळपापड झाला. तेच आईबाप, तीच शाळा, मग अक्कल वाटताना हिलाच वाटीभर जास्त का?

“ताई, तू ठीक म्हणालीस की कापते.”

थोरलीला चूक लगेच दिसली. पुठ्ठ्यालाही कापडासारखी दिशा असते. तिच्या बाजूने घडी घातली तर टिकते, आडवी घातली तर तडकते. पुठ्ठा आधी दोन्ही तळव्यांत वाकवून बघायचा, हे धाकटीला तिनेच शिकवलं होतं. पण सगळं पुठ्ठ्याच्या एकाच तक्त्यात बसवायच्या नादात पोरीने नेमकी पापणी आडवी मांडली होती. ‘फिरव’ एवढं म्हटलं तरी भागलं असतं.

“ठीक आहे,” थोरली म्हणाली.

मालकीणबाईंना पापणी भलतीच आवडली. लहान मुलासारख्या त्या उघडत राहिल्या, मिटत राहिल्या. मग घडीवर पांढरी रेघ उमटली, रंगाचा टवका उडाला आणि पापणी त्यांच्या हातात आली. थोरलीला आतून उकळ्या फुटत होत्या, आणि त्यांची लाजही वाटत नव्हती.

“कल्पना झकास,” मालकीणबाई म्हणाल्या, “पण मुख्य माणसाचं काम पक्कं हवं.” जागा थोरलीला मिळाली.

बाहेर आल्यावर धाकटीने आईला फोन लावला. थोरली शेजारीच उभी होती.

“नाही गं आई, माझी चूक नसणार. ताईने डोळ्यांखालून घातलं होतं ना. पुठ्ठाच खराब निघाला. बरं झालं, जागा घरातच राहिली.”

थोरलीने खिडकीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी ती नव्या खुर्चीत नीट टेकलीही नव्हती, तोच धाकटी आत आली. साबणाच्या खोक्याचा आराखडा तिने टेबलावर पसरला. या खेपेस सगळं बिनचूक होतं, दिशासुद्धा.

“बघ ताई. तू ठीक म्हणालीस की कापते.”

थोरलीने पुन्हा पुन्हा पाहिलं. ठीकच होतं. पण तो शब्द काही केल्या तिच्या तोंडून निघेना, आणि धाकटी कात्री हातात धरून शांतपणे वाट बघत उभी राहिली.