दुसरा साक्षीदार

आमच्या लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली. त्यातली एक्केचाळीस वर्षं माझा नवरा एका पक्ष्यावरून माझ्यावर रुसलेला आहे.

एरवी आर्नल्ड म्हणजे गरीब गाय. भांडी घासतो, कचऱ्याचे डबे बाहेर काढून ठेवतो, माझ्या बहिणीशीसुद्धा नीट बोलतो. पण ऑक्टोबर लागला आणि उत्तरेचा वारा सुटला, की हॅग्बीच्या समुद्रकड्यावर पक्षी बघायला बांधलेल्या लाकडी खोपटात जाऊन बसतो आणि गप्प होतो. शेजारी मी असतेच. समोरून गॅनेट, म्हणजे आमच्याकडचे मोठे पांढरे समुद्रपक्षी जातात, बदकांच्या माळा जातात, आइसलँडहून कलहंस ओरडत येतात. आम्ही मोजतो, वहीत लिहितो. पण आर्नल्ड खरी वाट बघत असतो ती एकाच गोष्टीची. दुसरा अल्बट्रॉस यावा, आणि तो मी माझ्या डोळ्यांनी बघावा.

पहिला आला होता त्र्याऐंशी साली. मी पाठमोरी बसून थर्मासमधून चहा ओतत होते. आर्नल्ड ओरडला, "बेरिल, बोयाच्या डावीकडे! तिसऱ्या लाटेमागे!" मी म्हटलं, "थांब रे, सांडेल." वळून बघते तर नुसतं पाणी आणि त्यावर डुलणारा तो खुणेचा बोया.

आता अल्बट्रॉस हा लांबलचक पंखांचा समुद्रपक्षी राहतो पार पृथ्वीच्या त्या टोकाला. तो आमच्या यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर दिसला म्हटल्यावर नुसतं सांगून भागत नाही. जिल्ह्याच्या नोंद-समितीकडे फॉर्म भरावा लागतो, आणि त्यावर दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीची रेघ असते. आर्नल्डने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, "मला चहा दिसला. चहावर सही करते हवी तर." मी सही केली नाही, आणि त्यात माझं काही चुकलं नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

पण तेवढ्यावर थांबले असते तर मी बेरिल कसली! शनिवारी पबमध्ये भरल्या गर्दीत मी तो किस्सा रंगवून सांगितला. "चहा जरा कडक झाला होता, त्याच्या वाफेत दिसले याला पंख!" लोक टेबलं बडवून हसले. पुढे कित्येक वर्षं आर्नल्ड आत शिरला की कोणीतरी हात पसरून तरंगत जायचं. समितीचा सेक्रेटरी होता पिकर्सगिल. त्याचं पत्र आलं: 'एकच निरीक्षक. बहुधा गॅनेटचं काळपट पिल्लू. सिद्ध नाही.' शाळकरी वयापासून समुद्र बघणाऱ्याला गॅनेटचं पिल्लू कळत नाही म्हणणं म्हणजे खाटकाला डुक्कर ओळखता येत नाही म्हणण्यासारखं. आर्नल्डने पत्र घडी करून ठेवलं आणि त्या विषयावर परत एक अक्षर काढलं नाही. नवरा भांडला तर बरं असतं हो. न भांडणारा नवरा फार जड जातो.

तर गेल्या मंगळवारची गोष्ट. सकाळचे दहा. असा वारा की खोपटाच्या फळ्या कण्हत होत्या. आत आम्ही तिघं. मी, आर्नल्ड आणि पिकर्सगिल. हो, तोच. समितीतून कधीच निवृत्त झाला, पण कोरे फॉर्म अजून खिशात घेऊन हिंडतो. आर्नल्ड नव्या गोळ्यांपायी दर अर्ध्या तासाला खोपटामागे जातो, तसा गेला. पिकर्सगिलचं अंड्याचं सँडविच बाकाखाली पडलं होतं, ते उचलायला तो खाली वाकला.

आणि तो आला.

देवाशप्पथ सांगते, मला ओळखायला क्षणसुद्धा लागला नाही. पांढरं अंग, काळे पंख, आणि केवढे लांब! भोवतीचे गॅनेट त्याच्यापुढे पोरंटोरं दिसत होते. एवढा वारा, पण पठ्ठ्या पंख हलवायला तयार नाही. एक पंख लाटेला टेकवल्यासारखा करायचा, वर उठायचा, कलंडायचा, परत खाली. मला रडू यायला लागलं आणि का येतंय ते कळेना.

आता खोपटाचा नियम शेंबड्या पोरालाही पाठ आहे. आधी जागा ओरडायची, मग पक्ष्याचं नाव. 'बोयाच्या उजवीकडे, दोन लाटा मागे,' असं. चाळीस वर्षं मीच तो नियम नवख्यांना दटावून शिकवला. आणि ऐन वेळी माझ्या तोंडातून काय निघावं?

"आर्नल्ड!" मी किंचाळले. "आर्नल्ड! आर्नल्ड!"

झालं! पिकर्सगिलला वाटलं म्हातारा कड्यावरून गेला. सँडविच टाकून तो दाराकडे धावला. मी बोटाने समुद्र दाखवतेय, हा उलट्या दिशेने पळतोय. बाहेर जाऊन त्याने आर्नल्डला मागून घट्ट मिठी मारली. आर्नल्डचं काम अर्ध्यावर होतं.

"सोड मेल्या!" असा आवाज आला. मग दोघं आत आले. एकाची पँट भिजलेली, दुसऱ्याचे बूट. समुद्रावर काही नव्हतं.

"अल्बट्रॉस," मी म्हटलं. "बोयापासून खडकापर्यंत गेला. आत्ता."

पिकर्सगिलने चष्मा पुसला. "बेरिल, आज गॅनेट बरेच आहेत. त्यांची ती काळपट पिल्लं असतात ना..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पिकर्सगिल! तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी गॅनेट बघतेय!" हे खरं नव्हतं, तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे. "आंधळी आहे का मी? का चहा कडक झालाय माझा?"

शेवटचं वाक्य तोंडून गेलं आणि मी गपकन बसले. आर्नल्ड पँट झटकत होता. त्याने मान वर केली नाही.

पिकर्सगिल वाईट माणूस नाही. त्याने फॉर्म काढला, माझं नाव लिहिलं, आणि पेन आर्नल्डपुढे धरलं. "तू बाहेर होतास. खोपटाच्या कडेने समुद्र दिसतोच तिथून. ओझरता दिसला असेल की! दुसरी सही पडली तर ही नोंद जाते पुढे. आणि मग तुझी जुनीसुद्धा परत बघा म्हणून मी पत्र टाकतो."

एक्केचाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते एका सहीवर येऊन थांबलं होतं. कोण बघायला आलं होतं? मी मनात म्हटलं, कर रे सही, मेल्या, कर.

आर्नल्डने पेन हातात घेतलं आणि परत दिलं. "मी बुटांकडे बघत होतो," तो म्हणाला. "या वयात नेम धरावा लागतो."

मग माझ्याकडे वळला. "पंख हलवले त्याने?"

"एकदाही नाही."

"वळताना?"

"वळतानाही नाही. नुसता कलंडला."

तो समुद्राकडे वळला. "हं," म्हणाला. "तुला दिसला, बेरिल. अल्बट्रॉसच होता तो."

बस्स, एवढंच. सही नाही, फॉर्म नाही. माझा जीव असा भांड्यात पडला की काय सांगू. आणि मग एकदम लक्षात आलं. सही न करणं माझं बरोबरच होतं. पण हे एक वाक्य? हे बोलायला कोणती समिती लागत होती मला? याला पैसे पडत नव्हते, साक्षीदार लागत नव्हता. तेवढं सोडून मी पबात जाऊन याचं हसं केलं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. मला कळायला एक्केचाळीस वर्षं आणि एक पक्षी लागला.

"आर्नल्ड," मी म्हटलं, "त्र्याऐंशी साली तुलाही दिसला होता."

त्याने कानामागे हात धरला. कान चांगले ठणठणीत आहेत त्याचे. "वारा फार आहे. मोठ्याने बोल. आणि पिकर्सगिलच्या उजव्या बाजूला ये, डावा कान गेलाय त्याचा."

मी उठले, पिकर्सगिलच्या उजव्या बाजूला गेले आणि पबमध्ये काढला होता तसला आवाज काढून ओरडले, "आर्नल्डला अल्बट्रॉस दिसला होता! आणि मी मूर्खासारखी वागले!"

"दुसरा भाग नीट ऐकू आला नाही," आर्नल्ड म्हणाला.

मी तो तीनदा म्हटला.