धक्क्यावरची नावाडीण

मेरिनने तिसऱ्या पुस्तकाचा शेवट वाचून संपवला तेव्हा ब्रॅम नाक पुसत होता आणि डूगल शेगडीत लाकूड सारत होता. लाकडाची काही गरज नव्हती. शेड केव्हाच तापली होती.

सिग्नेट गावातल्या सफरचंदांच्या या जुन्या शेडमध्ये तिघांनी मिळून खारबेटाचं जग उभं केलं होतं. मेरिन त्याच्या कादंबऱ्या लिही, ब्रॅम त्याचाच संगणकावरचा खेळ बनवी आणि डूगल त्याची गाणी रची. कुणा बड्या कंपनीच्या दारात उभं राहायचं नाही, हा तिघांचा ताठा. खेळात शिरणाऱ्याला धक्क्यावर पहिली भेटे ती नावाडीण सायवा. वल्ही मारता मारता ती डूगलने रचलेलं एक गाणं म्हणे. तिचा आवाज डूगलच्या बायकोचा, टिल्डाचा. टिल्डा गेल्या हिवाळ्यात वारली. आणि आता मेरिनने पुस्तकात सायवाला बुडवलं होतं.

"छान जमलंय," डूगल म्हणाला. "आता ते फाडून टाक."

"काय?"

"तिला मारू नकोस, मेरिन. दुसऱ्या कुणालाही मार. तो तुझा राजा दोन पुस्तकं नुसता खोकतोय, त्याला मार की."

ब्रॅम हसला आणि कुणीच हसत नाही हे पाहून गप्प झाला.

तिघांचा एक नियम होता. पुस्तकात जे घडलं ते खेळातही घडायचं. मेलेला माणूस सगळीकडे मेलेला. म्हणजे सायवा पुस्तकात बुडाली की पुढच्या अपडेटमध्ये ती धक्क्यावरूनही जाणार. डूगल रोज सकाळी चहाचा मग घेऊन खेळ उघडतो, धक्क्यावर उभा राहतो आणि पुढे कुठेच जात नाही, हे ब्रॅमला ठाऊक होतं. मेरिनलाही होतं.

"गाणं तुझ्याकडे आहेच की," ती म्हणाली. "हवं तेव्हा ऐक."

"गाणं आहे गं. पण गाऊन झाल्यावर ती वळून बघते आणि म्हणते, 'उशीर केलास, बस आता.' ते मला कोण म्हणणार? तू?"

"नियम तुझाच आहे, डूगल."

खरंच त्याचाच होता. खेळणाऱ्यांच्या आग्रहाखातर ब्रॅमला एकदा खारबेटावरचा मेलेला कुत्रा परत आणायचा होता, तेव्हा डूगलनेच आकाशपाताळ एक केलं होतं. मेलेलं परत आणणं म्हणजे लोकांची फसवणूक, असं टेबलावर मूठ आपटून म्हणाला होता.

"तेव्हा माझी बायको जिवंत होती."

"हे मी तिच्यासाठीच लिहिलंय."

"तिच्यासाठी? तुला शेवट सापडत नव्हता, बाई. तिचं मरण आयतं हाती लागलं."

मेरिनला ते झोंबलं, कारण निम्मं तरी खरं होतं. अशा वेळी माणसाने मुकाट्याने माघार घ्यावी. पण जन्मात एकदाच इतकं चांगलं लिहून झालेल्या बाईला हे सांगणार कोण?

"मी बदलणार नाही," ती म्हणाली.

डूगलने कोट चढवला. "ठीक. रिकाम्या धक्क्यासाठी संगीत लागेल ना तुम्हाला? पाठवून देतो."

पुस्तक आलं. लोक ढसाढसा रडले, मेरिनला भरभरून पत्रं लिहू लागले. तिला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली. सायवाला खेळातून काढायच्या दिवशी ब्रॅम संगणकासमोर नुसता बसून राहिला. मग खुर्ची मागे सारून म्हणाला, "माझ्याच्यानं होत नाही. तू दाब बटण." मेरिनने दाबलं.

डूगलचं संगीत आलं ते सायवाच्याच गाण्याचं. तीच गिटार, तेच वल्ह्यांचे आवाज. टिल्डाचा आवाज यायच्या जागी गिटार थांबायची, थोडी वाट बघायची आणि पुढे जायची. मेरिनने ते एकदा ऐकलं, पुन्हा ऐकायची हिंमत झाली नाही. डूगल त्यानंतर शेडवर आला नाही. बाजारात दिसला तरी चीजच्या गाड्यामागून वळून जाई.

मग तक्रारी सुरू झाल्या. गाण्यात आवाज येत नाही, दुरुस्त करा. नावाडीण दिसत नाही, बिघाड आहे का? पत्रांना उत्तरं देणं हे मेरिनचं काम. तिने एक वाक्य तयार करून ठेवलं होतं आणि तेच ती सगळ्यांना चिकटवायची: हा बिघाड नाही, पुस्तकात जे घडलं ते खेळातही घडतं, लोभ असावा.

एका सकाळी असंच एक पत्र होतं. "मी रोज धक्क्यावर येतो. नावाडीण नाही. ती परत कधी येईल?"

तिने वाक्य चिकटवलं, पाठवून दिलं आणि पुढचं पत्र उघडता उघडता खालचं नाव वाचलं. डूगल.

पाठवलेलं परत घेता येत नव्हतं. दुसरं उत्तर लिहायला ती दुपारपर्यंत बसली, पण त्याच्या प्रश्नाला तिच्याकडे तेच एक उत्तर होतं.