सेकंदाला चोवीस

विद्याधर खुर्चीतून उठला आणि थेट प्रोजेक्टरच्या झोतात जाऊन उभा राहिला. पडद्यावरची पवईची पहाट त्याच्या सदऱ्यावर सांडली.

"बंद कर हे," तो म्हणाला.

"काय झालं बाबा?" श्रेयसनं सिनेमा थांबवला. मुलुंडच्या नव्या फ्लॅटमध्ये त्यानं मोठ्या हौसेनं प्रोजेक्टर बसवला होता आणि रविवारी दुपारी पडदे ओढून पहिला मान बापाच्या सिनेमाला दिला होता. कॅमेरामन म्हणून विद्याधरच्या नावावर तेवढा एकच सिनेमा होता.

"हा माझा सिनेमा नाही. सिरियल वाटतेय. ती बाई तळ्याकाठी चालत नाहीये, घसरतेय."

"मोशन स्मूदिंग आहे ते. हालचाल गुळगुळीत दिसते. लोकांना आवडतं ना."

"म्हणजे माझ्या दोन चित्रांच्या मध्ये हे यंत्र स्वतःच्या मनानं चित्रं घुसडतंय. मी सेकंदाला चोवीस काढली होती. पंचविसावं कुणी मागितलं?"

"मला तर आवडलं," सोफ्यावरून क्षमा म्हणाली. "कसं स्वच्छ दिसत होतं."

बायकोचं ते वाक्य विद्याधरला झोंबलं. सिरियल हा या घरात साधा शब्द नव्हता. सिनेमा आपटल्यावर गोरेगावच्या स्टुडिओंतून सिरियलवाल्यांची बोलावणी आली, तेव्हा विद्याधरनं एकेकाला वाटेला लावलं होतं. त्या सपाट उजेडात मी कॅमेरा धरणार नाही, म्हणाला. दारात आलेली लक्ष्मी परतवायला ऐट लागते, आणि ती त्याच्याकडे भरपूर होती. घर चालवलं ते क्षमानं, सकाळी शाळा आणि संध्याकाळी शिकवण्या करून. सुंभ जळला तरी पीळ गेला नाही. आपण कशापायी नाही म्हणालो ते बायकोला एकदा डोळ्यांनी दिसावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. आज ते दिसेल म्हणून तो सकाळी दाढी करून बसला होता.

श्रेयसनं स्मूदिंग काढलं. आता कॅमेरा तळ्यावरून फिरताना काठची झाडं ठेचकाळत जाऊ लागली.

"बघा, वाट लागली. तुमचे जुने कॅमेरेच असे असणार."

"कॅमेऱ्याला नावं ठेवू नकोस. तुझा प्लेयर सेकंदाला साठ चित्रं पाठवतोय. चोविसाची साठ करायची म्हणजे एक चित्र दोनदा दाखवायचं, पुढचं तीनदा. मग धक्के बसणारच. त्याला चोवीसवर आण."

श्रेयसनं पुटपुटत सेटिंग शोधलं. पडदा क्षणभर काळा झाला, आणि मग पवई उजाडली. धुकं धुक्यासारखं दिसलं. बाईच्या पावलांना वजन आलं. विद्याधरनं खुर्ची वळवली आणि पडद्याकडे पाठ करून तो क्षमाचा चेहरा बघत बसला.

"दिसला फरक, सिरियलमधला आणि ह्यातला?"

"दिसला." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "थिएटरात पहिल्या खेळालाच दिसला होता."

"मग कधी बोलली नाहीस ती?"

"बोलले असते तर तुम्ही आणखीच हटून बसला असता."

विद्याधरनं खुर्ची तिच्याकडे आणखी सरकवली.

"मला यातलं कळत नाही म्हणून मी सिरियल घ्या म्हणते, असंच वाटत आलं तुम्हाला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि तेच त्याला सोसेना. "कळत होतं. कळूनच म्हणत होते."

मागे त्याचा सिनेमा चालू होता, अगदी जसा त्यानं काढला होता तसा. त्याला मान वळवून बघण्याची हिंमत झाली नाही.

"श्रेयस," क्षमा म्हणाली, "ते मघाचं गुळगुळीत परत लाव बाळा. मला तसाच बघायचाय."

श्रेयस रिमोट धरून बापाकडे बघत राहिला.

"लाव," विद्याधर म्हणाला.