वहिनींच्या समोरची खोली

"नको," मी म्हटलं.

"अगं, आत तरी ये!" हे म्हणाले. "उंबऱ्यावरूनच नको?"

माहीमची ती खोली अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. पुढे हातभर अंगण, कोपऱ्यात विहीर, आणि खाडीकडून असा वारा की पदर सावरता सावरता पुरेवाट. मालकीणबाई कोळीण, हसरी, भाड्याचं बोलतानासुद्धा आमच्या लेकीच्या, राधेच्या हातात खाऊ देणारी. आमचे हे तर अंगणात उकिडवे बसून माती उकरायला लागले. "नलू, माती बघ कशी आहे! इथं मोगरा लावू आपण." राजापूरकडच्या माणसाला मुंबईत माती दिसली की त्याला दुसरं काही दिसत नाही.

त्याआधी डिलाईल रोड बघून झाला होता. तिथं गिरणीचा धूर, पण शेजारीपाजारी जीव लावणारे. वरळीची बीडीडी चाळ बघून झाली. तिथल्या भिंती अशा की तोफ लागली तरी हलायच्या नाहीत. सगळीकडचं भाडं ह्यांच्या गोदीतल्या कारकुनी पगारात बसणारं. आणि प्रत्येक ठिकाणी मी खोट काढली. इथं धूर, तिथं जिना अंधारा, आणि माहीमला काय, तर म्हणे डास!

"मग जायचंय तरी कुठं बाईसाहेबांना? मलबार हिलला?"

"गिरगावात. मोठ्या भावोजींच्या चाळीत. त्यांच्या बरोब्बर समोर."

ह्यांनी हातातली माती झटकली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या उजव्या हाताकडे बघितलं.

माझा उजवा हात मनगटात वाकडा आहे. हाड बाहेर आलेलं दिसतं. तो जन्मतः तसा नाही. छप्पन सालच्या जानेवारीत तो तसा झाला, आणि कुणामुळे झाला ते मला पक्कं ठाऊक आहे.

तेव्हा हे एकटेच मुंबईत होते, लालबागला चार पुरुषांत एका खोलीत. मी गावाहून राधेचा कान दाखवायला आले होते आणि उतरले होते थोरल्या दिरांकडे, रघुवीरभावोजींकडे. त्यांची बायको सुनेत्रावहिनी, माझी सख्खी जाऊ. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून शहर पेटलेलं होतं, पण त्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत सामसूम होती. वहिनींनीच मला खाली पाठवलं. कशाला? तर कोथिंबीर आणायला! कोथिंबिरीवाचून आमटी अडली होती त्यांची.

मी नाक्यावर पोचते न पोचते तोच दगड सुरू झाले, मग धूर, डोळ्यांची नुसती आग. राधेला काखोटीला मारून मी धावत चाळीत शिरले. पुढे पोरं पळत होती, मागून लाठीवाले. दुसऱ्या मजल्यावर आले आणि वहिनींचं दार बडवलं. आत स्टोव्ह भसभसत होता. मी ओरडले, "वहिनी, मी नलू! दार उघडा!" तसा स्टोव्ह बंद झाला. मला वाटलं, आल्या. आणि मग आतून वरची कडी लागली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी राधेला पोटाशी धरून दाराशी वाकले, हात डोक्यावर घेतला, आणि लाठी त्या हातावर बसली.

बाहेर कर्फ्यू. कुठलं इस्पितळ नि कुठलं काय! चाळीतल्याच एका हाडवैद्यानं कामट्या बांधून हात बसवला, तो वाकडाच बसला. तेही मी गिळलं असतं. पण संध्याकाळी वहिनी माझ्या उशाशी बसून चारचौघांत काय म्हणाल्या? "अगंबाई, आणि नेमके आम्ही ठाकूरद्वारला गेलेलो!"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याच क्षणी ठरवलं. ही बाई एक दिवस चारचौघांतच म्हणेल, 'नलू, मी आत होते.' त्याशिवाय मी हिला सोडणार नाही. मला पैसा नको, माफी नको. तेवढं एक वाक्य हवं होतं.

समोरच्या खोलीची बातमी भावोजींनीच ह्यांना दिली होती, हसत हसत. "आमच्या समोरची संडासाला लागून असलेली खोली कधीची पडून आहे, रमाकांता. कुत्रंसुद्धा घेत नाही!" पागडीला पैसे नव्हते, तेव्हा मी माझ्या पाटल्या काढून दिल्या. तशीही उजव्या हातात पाटली चढतच नव्हती.

सत्तावन्नच्या दिवाळीनंतर आम्ही बिऱ्हाड मांडलं. खोलीत दुपारीही दिवा लागायचा. फिनेलचा वास जेवणात यायचा. पण दार उघडलं की मधला चौक, आणि चौकापलीकडे त्याच मजल्यावर वहिनींचं दार. वहिनी गॅलरीत लुगडं वाळत घालत होत्या. मला बघून त्यांच्या हातातलं लुगडं खाली चौकात पडलं.

"या हो वहिनी चहाला!" मी ओरडले. "आता काय, शेजारीच आलो!"

चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही. पहाटे उघडलं की रात्री लागतं. मग मी काय करायची, सकाळी दार उघडायची आणि उंबऱ्यावर ठाण मांडायची. तांदूळ निवडायचे तिथं, भाजी चिरायची तिथं, राधेची वेणी तिथं. धुणं पिळताना हा वाकडा हात मुद्दाम कठड्यावर वर धरायचा. बघ म्हणावं. कोथिंबीर आणलेला हात आहे हा, नीट बघ!

मग संक्रांत आली. वहिनींकडे दरवर्षी हळदीकुंकू, सगळी चाळ लोटायची. मीही गेले, नवं लुगडं नेसून. वहिनी एकेकीला हळदकुंकू लावून हातावर अत्तर लावत होत्या. माझी पाळी आली तशी मी उजवा हात पुढे केला. हाड वर करून, तिथंच अत्तर लागेल असा. बायका टकामका बघायला लागल्या. वहिनींचं बोट त्या हाडापर्यंत आलं आणि मागे सरलं. अत्तरदाणी निसटली, जमिनीवर सगळीकडे हिना.

कशाबशा म्हणाल्या, "तिळगूळ घे, गोड बोल."

"बोलते की," मी म्हटलं. "पण थोरल्या तुम्ही. आधी तुम्ही बोला!"

त्या पुढचीकडे वळल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं दार दिवसाही लागायला लागलं.

आता चाळीत भरदिवसा दार लागलं म्हणजे एक तर कुणी गेलेलं असतं, नाहीतर अब्रूचं काहीतरी असतं. लोक विचारायला लागले. भावोजी म्हणायचे, तिला उजेड सोसत नाही. मी मनात म्हणायची, सोसणार कसा! खोटं कशाला सांगू, मला गोड वाटायचं. त्यांचं पापडाचं वाळवण बंद झालं, हळदीकुंकू बंद झालं, चौकातल्या बायकांत बसणं बंद झालं. नळावर यायच्या त्या खाली मान घालून, घागर भरली की चालत्या.

ह्यांनी माहीमच्या मालकिणीकडून मोगऱ्याची फांदी आणली होती. डालड्याच्या डब्यात लावून गॅलरीत ठेवली. ऊन कुठलं! पानं यायची, पिवळी पडायची, गळायची. हे रोज पाणी घालायचे.

एकदा म्हणाले, "नलू, चौपाटी चार पावलांवर आहे. राधेला घेऊन जाऊ या एकदा संध्याकाळी."

"तुम्ही जा. मी दारात बसते."

"तिला कोंडलंस हे खरं," हे म्हणाले. "पण तीही आत नि तूही इथंच. दोन वर्षं झाली, तू नाक्यापलीकडे गेली नाहीस."

मला असा राग आला! म्हटलं, "लाठी तुमच्या हातावर बसली असती म्हणजे कळलं असतं." गरीब माणूस, डब्यातली पिवळी पानं खुडत राहिले.

आणि मग साठ सालचा एक मे उजाडला. मुंबईसह महाराष्ट्र झाला! चाळीत दिवाळीला होत नाही एवढा थाट. जिन्याजिन्यावर पणत्या, चौकात रांगोळी, पेढ्यांची ताटं. संध्याकाळी चौकात खुर्च्या मांडल्या. चाळीचे सेक्रेटरी बाबुराव हातात नारळ घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या लढ्यात आपल्या चाळीच्या एका लेकीनं लाठी झेलली आहे. ती आपली वाघीण! तिचा सत्कार आधी. नलूबाई, या. दोन शब्द बोला."

मी उठले. सगळी चाळ समोर. पहिल्याच रांगेत भावोजी. वर बघितलं, वहिनींचं दार लावलेलं, पण वरच्या झरोक्यातून उजेड दिसत होता. आत होत्या. ऐकत होत्या. देवानं हाच दिवस राखून ठेवला होता माझ्यासाठी.

"मला भाषण येत नाही," मी मोठ्यानं म्हटलं, "पण एक सांगते. त्या दिवशी मी नि माझी राधा त्या वरच्या दारावर हात आपटत होतो. आत स्टोव्ह चालू होता. मी हाक मारली तसा स्टोव्ह बंद झाला आणि कडी लागली. ते दार माझ्या जावेचं. हा हात लाठीनं मोडला असं तुम्ही म्हणता. हा त्या कडीनं मोडला!"

भावोजींची मान खाली गेली.

मग माझ्या भिंतीला भिंत असलेल्या कमळाबाई, सत्तरीची म्हातारी, बसल्या जागेवरून म्हणाल्या, "पण नलू, त्या दिवशी दार उघडं कुणाचं होतं गं? माझंही लागलेलंच होतं. तुझ्या हाका मी ऐकल्या. आतून पाटसुद्धा लावला होता दाराला. काय हो बाबुराव, तुमचं?"

बाबुराव हातातल्या नारळाकडे बघत राहिले. मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. जो तो दुसरीकडे बघत होता. म्हणजे ही सगळी कड्या घातलेली माणसं आज हार घेऊन उभी होती!

पण मी गप्प बसणारी नव्हे. "कमळाबाई, तुमचं दार मी वाजवलंच नव्हतं. परक्याचं दार लागलेलं दिसलं असतं तर मी पुढे पळाले असते, गच्चीवर गेले असते, कुठंही गेले असते. मी पळाले नाही. ते आमचं घर म्हणून मी तिथंच थांबले. उघडेल म्हणून थांबले!" इतक्या वर्षांत हे मी ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

वर कडी वाजली. वहिनी जिना उतरून आल्या. घरातलंच विटकं लुगडं, केस निम्मे पांढरे झालेले. एवढ्या पिकल्यात हे चौकापलीकडून मला कधी दिसलंच नव्हतं. लोक बाजूला झाले. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "मी आत होते, नलू. कडी मीच घातली."

एवढंच. का घातली ते सांगितलं नाही, रडल्या नाहीत. बाबुरावांच्या हातातला नारळ घेतला आणि माझ्या ओटीत घातला. ओटी मी सवयीनं दोन्ही हातांनी धरली होती. नारळाच्या वजनानं उजवं मनगट कळवळलं. वहिनींना ते दिसलं असावं. त्यांनी खालून आपला हात लावला, मी डाव्या हातानं नारळ पेलीपर्यंत तसाच धरून ठेवला. मग वळल्या, वर गेल्या, आणि दार लागलं.

त्या वाक्यानंतर त्यांना काय काय सुनवायचं ते मी कितीदा घोकलं होतं! एक शब्द आठवेल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं दार उघडलं आणि सूप घेऊन उंबऱ्यावर बसले. समोरचं दार बंद. पणत्या विझलेल्या, चौकात पेढ्यांचे कागद. मी तांदूळ निवडत होते आणि समोर बघत होते. आज ते दार उघडेल असं मला का वाटलं होतं, कोण जाणे. नळ येऊन गेला, राधा खाली खेळायला गेली, तरी दार बंदच. मी इथं बसले असताना ते कसं उघडणार, हे माझ्या टाळक्यात उशिरा शिरलं.

माफ केलं असं कुणी समजू नका. हवा कुंद झाली की हा हात अजून ठणकतो, आणि ठणकला की तोंडात त्यांचंच नाव येतं. पण मी सूप उचललं, आत आले, आणि भरदिवसा आमचं दार लावून घेतलं.

हे डबा भरत होते. दचकून म्हणाले, "काय गं? कोण गेलं? बरं नाही का तुला?"

"काही झालेलं नाही. गप्प बसा जरा."

अंधारात दाराला कान लावून मी उभी राहिले. बराच वेळ नुसता चौकातला नळ ठिबकत होता. मग पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर, वरची कडी निघाली.