गोल अर्जातलं पहिलं नाव

मास्तरांनी त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. एरवी हा माणूस असा, की बियाणांच्या दुकानाने छापील सूचीपत्रक पाठवलं तरी पोच कळवायचा, आणि पोच कळवायला उशीर झाला म्हणून माफीही मागायचा. पण हे पत्र त्यांनी दारातच उभ्या उभ्या वाचलं, होत्या त्याच घड्यांवर पुन्हा मिटलं आणि शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवून दिलं. बायको शब्दकोशाला हात लावत नाही, ही संसारात त्यांना खात्रीने कळलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक होती.

मास्तर हे त्यांचं नुसतं नाव. आयुष्यात एका पोराला त्यांनी शिकवलं नव्हतं. सगळी नोकरी झाली सार्वजनिक वाचनालयात, पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक डकवण्यात. पण जाड चष्मा आणि कमी बोलणं एवढ्या पुराव्यावर गल्लीने त्यांना मास्तर करून टाकलं, आणि त्यांना नाही म्हणायचं जमलं नाही.

पत्र प्रदूषण कार्यालयाचं होतं. "अर्जदार क्रमांक एक, अर्थात प्रमुख अर्जदार या नात्याने आपण तक्रारीवर ठाम आहात किंवा कसे, हे महिन्याच्या आत लेखी कळवावे. उत्तर न आल्यास अर्ज मागे घेतला असे समजण्यात येईल."

त्यातलं 'किंवा कसे' मास्तरांना टोचलं. पण त्याहून मोठा काटा होता तो 'क्रमांक एक'चा. कारण त्या अर्जात क्रमांक एक कुणी असायलाच नको होतं. त्यासाठीच तर एवढा खटाटोप केला होता.

गल्लीमागे टेकडी होती. आता अर्धीच उरली होती, आणि उरलेल्या अर्धीच्या कुशीत खडी क्रशर दिवसरात्र धडधडत असे. दगड आत, खडी बाहेर, आणि मधली भुकटी गल्लीत. मास्तर रोज पुस्तकांच्या कपाटावरून फडकं फिरवायचे आणि दुसऱ्या दिवशी मिटलेल्या पुस्तकांच्या वरच्या कडांवर पिठासारखा थर पुन्हा हजर. माणसांच्या छातीत काय साठत होतं ते दिसत नव्हतं, पण पुस्तकांवरून अंदाज यायचा.

शेवटी सगळे शिंप्याच्या दुकानात जमले. अर्ज करायचा, हे लगेच ठरलं. मागण्याही ठरल्या. क्रशरला पाण्याचे फवारे लावा, भोवती पत्रे उभारा, आणि तपासणीला कोण आलं, काय बघितलं, काय लिहिलं, ते गल्लीच्या तोंडाशी फळ्यावर लावा. गाडी अडली ती सह्यांवर.

"पहिली सही करणारा तो पुढारी," शिंपी म्हणाला. "आणि पुढाऱ्याच्या दारात एखाद्या सकाळी ट्रकभर खडी ओतलेली सापडते."

जो तो छताकडे बघू लागला. घंटा सगळ्यांना हवी होती, मांजराजवळ जायला कुणी तयार नव्हतं.

तेव्हा मास्तर बोलले. चारचौघांत बोलायची त्यांची बहुधा ती पहिलीच वेळ. "जुन्या काळी जहाजावरचे खलाशी कप्तानाविरुद्ध तक्रार लिहायचे तर सह्या गोलात करायचे. चाकाच्या आऱ्यांसारख्या. पहिला कोण ते कळायचंच नाही. मग फासावर चढवणार कुणाला?"

"वा मास्तर!" शिंपी म्हणाला. "पुस्तकं वाचून कुणाचं भलं झालेलं आज पहिल्यांदा बघतोय."

त्याने आपल्या डब्याचं झाकण कागदावर ठेवून खडूने गोल काढला. मास्तरांनी वळणदार अक्षरात मजकूर आत लिहिला, बाकीच्यांनी भोवताली सह्या केल्या. कोपऱ्यावर औषधांचं दुकान चालवणारा कंपाउंडर माल आणायला शहरात जायचा, त्याने अर्ज कार्यालयात नेऊन दिला. इतकं सगळं निर्धोक, आणि तरी पत्र आलं ते नेमकं मास्तरांना.

म्हणजे कुणीतरी नाव सांगितलं होतं.

हा विचार एकदा डोक्यात शिरला, आणि मास्तरांना सगळी गल्ली वेगळी दिसायला लागली. शिंपी बोलघेवडा, त्याच्या तोंडात टाचण्या असतील तेवढाच वेळ तो गप्प. पण कंपाउंडर? क्रशरवरची मलमपट्टीची पेटी तोच भरून देत होता. शिवाय मास्तरांनी एक दृश्य डोळ्यांनी पाहिलं होतं. दुकानाच्या बाजूच्या खिडकीत कंपाउंडर, बाहेर त्यांची स्वतःची लेक, दोघांची डोकी जवळ. त्याने इकडेतिकडे पाहून तिच्या हातात तपकिरी कागदाची पुडी दिली, तिने ती पदराआड केली आणि मागच्या बोळाने चालती झाली. वडिलांचं घर चार दारं सोडून असताना ती डोकावलीसुद्धा नाही.

आणि लेकीचा नवरा क्रशरवर वजनकाट्यावर होता.

मास्तरांनी दोन आणि दोन पाच केले. अर्ज कंपाउंडरच्या हातून गेला, नाव कंपाउंडरने दिलं, निरोप लेकीकरवी जावयापर्यंत पोचला. की उलटं? जावयाने विचारलं आणि लेकीने सांगितलं? रात्री पुस्तक उघडं ठेवून ते एकाच पानावर बसून राहायचे.

उत्तर द्यायचं तर जावयाच्या पोटावर पाय. न द्यावं तर अर्ज मेला, आणि मारेकरी आपण. हात दगडाखाली सापडला होता, आणि दगड क्रशरचाच होता.

एकदा शिंप्याने दुकानातून हाक मारली. "मास्तर, कार्यालयातून काही आलं का हो?"

"कुणाकडे?"

"कुणाकडेही."

"मला काय ठाऊक."

शिंप्याने टाचणी तोंडातून काढली. "लोक म्हणतात, क्रशरवाल्याचा कुणीतरी माणूस आपल्या गल्लीतच आहे. मी नाही म्हणत, लोक म्हणतात." आणि मग उगाचच, "जावईबापू बरे आहेत ना?"

मास्तरांचे कान तापले. म्हणजे संशय त्यांच्यावर होता! चोर सोडून संन्याशाला फाशी. पण घरी पोचेपर्यंत त्यांना प्रश्न पडला, की यात संन्यासी कोण. शब्दकोशाचा दुसरा खंड त्यांच्याकडे बघत होता.

सुट्टीच्या दिवशी लेक-जावई आले. जावई सरळ माणूस. न्हाऊनमाखून आला तरी भुवयांत भुकटी राहायचीच. चहाचा घोट घेऊन तो म्हणाला, "बाबा, मालक विचारत होते. अर्जावर पहिलं नाव आहे ते तुझे सासरे ना, म्हणाले."

मास्तरांनी कपबशी खाली ठेवली. "त्यांना कसं कळलं?"

"ते मला कशाला सांगतील? म्हणाले, म्हातारा समंजस दिसतो, गप्प बसला तर सगळ्यांचंच भलं. मी नुसतं कानावर घालतोय. तुम्हाला काही म्हणत नाही." एवढं बोलून त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं, खांदे जरा हलले, आणि लेकीने नेमकी तेव्हाच आईला मोठ्याने हाक मारली, "आई, साखर कुठे ठेवलीस गं?" साखर तिच्यासमोरच होती.

काहीतरी लपवताहेत, मास्तर मनात म्हणाले. जावयाने खडा टाकून पाहिला, आणि लेकीने विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी 'वाचनालयात जाऊन येतो' असं सांगून ते बाहेर पडले आणि बसने थेट कार्यालयात गेले. नाव कुणी दिलं ते एकदा कळूनच जाऊ दे. खिडकीमागे एक कारकून बाई कागदांना टाचण्या मारत बसल्या होत्या. मास्तरांनी तीनदा घसा साफ केला.

"बोला की, मी ऐकतेय. हात कामात आहेत, कान रिकामे आहेत."

"त्या गोल अर्जात... क्रमांक एक कोणी ठरवला? म्हणजे तुम्हाला कुणी येऊन सांगितलं का?"

बाई हसल्या. "तो ताटलीसारखा अर्ज? अख्ख्या कार्यालयाने पाहिला तो. थांबा." त्यांनी फाईल काढून कागद खिडकीत धरला. "सांगायचं काय त्यात? गोल तुमचा गोल असेल, पण मजकूर सरळच आहे ना? मजकूर सरळ धरला की बरोबर डोक्यावर हे नाव येतं. मग घड्याळाच्या काट्यासारखं दोन, तीन, चार. कुठूनतरी मोजायला हवंच."

मास्तर बघतच राहिले. त्यांच्याच वळणदार अक्षरातला मजकूर, आणि त्याच्या बरोबर डोक्यावर, पताकेसारखी, त्यांची सही.

"आणि क्रशरच्या मालकांना...?"

"समोरच्या पार्टीला प्रत जातेच. नियम आहे." बाईंनी फाईल मिटली. "तुम्हीच का ते? मुदत संपत आली बरं का. तसं बहुतेक लोक उत्तर देतच नाहीत. एक नंबरवाला गप्प बसला की फाईल बंद. आमचंही काम हलकं होतं."

बाईंच्या बोलण्यात खोच होती की नुसती माहिती, ते मास्तरांना कळेना. बसमध्ये त्यांना ती संध्याकाळ आठवली. सह्या चालू असताना ते मजकुरातला एक स्वल्पविराम ठेवावा की काढावा या चिंतेत बाजूला उभे होते. ते पुढे आले तेव्हा गोल भरला होता. फक्त वर, मजकुराच्या बरोबर डोक्यावर, एक जागा मोकळी होती. तेव्हा त्यांना वाटलं, वा, लोकांनी आपल्यासाठी राखून ठेवली. आता कळलं, कुणी राखली नव्हती, प्रत्येकाने चुकवली होती. शिंप्याने खाली उजवीकडे, कंपाउंडरने पार तळाशी. कट कुणाचाच नव्हता. नुसतं जो तो अंग चोरून बसला होता, आणि त्यातून एका माणसाची जागा उरली होती.

घरी आल्यावर त्यांनी शब्दकोश उघडून पत्र बायकोपुढे ठेवलं. तिने ते वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"कधी आलं?"

"झाले बरेच दिवस."

"आणि मला आज कळतंय! शंकासुर आहात नुसते. कुणाकुणावर संशय घेऊन झाला?"

मास्तरांनी हळूहळू सगळं सांगितलं. कंपाउंडर, खिडकी, पुडी, लेक. पुडीपाशी बायकोने कपाळाला हात लावला.

"अहो, खोकल्याचं औषध नेते ती जावयासाठी! राजरोस नेलं तर क्रशरवर बातमी जाते, आणि खोकणारा माणूस मालक काट्यावर ठेवत नाही. याच्या आधीचा असाच घरी बसवला. कंपाउंडर बिचारा गुपचूप देतो."

"मला का नाही सांगितलंत कुणी?"

"तुम्ही आधी बाटलीवर संशय घेतला असतात." ती थांबली. मग आवाज उतरवून म्हणाली, "रात्र रात्र बसून काढतो तो. आडवं पडलं की उबळ येते. आपली लेक उशाशी बसलेली असते. मी सही केली ती काय तुमच्या पुस्तकांवरची धूळ जावी म्हणून?"

"पण त्याची नोकरी..." मास्तर म्हणाले.

"नोकरी आज ना उद्या खोकल्याने जाणारच आहे. तुमच्या उजवीकडे सही कुणाची आहे, पाहिलीत?"

"तुझी."

"म्हणजे दोन नंबर मी. कागद बोटभर फिरला असता तर हे पत्र मला आलं असतं, आणि त्याच दिवशी उत्तर पेटीत पडलं असतं."

त्या संध्याकाळी मास्तरांनी उत्तर लिहायला घेतलं. पहिल्या खर्ड्यात गोल सह्यांचा इतिहास आला, दुसऱ्यात क्रमांकन-पद्धतीविषयी विनम्र शंका. तिसऱ्यावर बायकोने नजर टाकली आणि विचारलं, "यात ठाम कुठे आहात?" मग चौथा लिहिला. "मी तक्रारीवर ठाम आहे. तपासणीचा अहवाल फळ्यावर लावावा, या मागणीचीही आठवण देतो." खाली सवयीने 'उशिराबद्दल क्षमस्व' लिहिलं गेलं, म्हणून तो कागद फाडून पुन्हा स्वच्छ उतरवला.

सकाळी ते निघाले तर शिंप्याने हटकलं. "मास्तर, कुठे?"

"पेटीपर्यंत. अर्जात वरची जागा तुम्ही सगळ्यांनी मला सोडली होतीत ना, तिथलं काम निघालंय."

शिंप्याच्या तोंडात टाचणी नव्हती, तरी तो काही बोलला नाही.

पुढे वळणावर जावई भेटला. पाळीवर निघाला होता, मोटरसायकलवर, नाकाला रुमाल. मास्तरांना वाटलं, मान खाली घालून निघून जावं. पण पाय थांबले.

"जावईबापू, मी उत्तर टाकतोय. गप्प बसणार नाही."

जावयाने रुमाल खाली केला. या वेळी तोंड फिरवायला खिडकी नव्हती. तो खोकला, बराच वेळ, टाकीवर ओणवा होऊन. मास्तर बाजूला उभे राहिले, पाठीवर हात ठेवावा की नाही, हे ठरवत. शेवटी ठेवला.

"मालक विचारतील मला," जावई म्हणाला.

"काय सांगाल?"

"सांगेन, सासरे ऐकत नाहीत." त्याने डोळे पुसले. "पटेल त्यांना. त्यांनाही सासरे आहेत."

तो हसला की पुन्हा उबळ आली, ते रुमालाआड कळलं नाही. मोटरसायकल क्रशरच्या वाटेला लागली.

टपालपेटीवरही पांढरा थर होता. मास्तरांनी पत्ता पुन्हा वाचला, तिकीट अंगठ्याने दाबून पाहिलं, आणि पाकीट फटीत सोडलं. आत पडल्याचा आवाज आला. तरी त्यांनी बोटं घालून पाहिली, कुठे अडकलं तर नाही. पेटीचं कुलूप ओढून पाहिलं. ते जरा ढिलं वाटलं. म्हणून मग ते समोरच्या पायरीवर बसले, आणि पोस्टमन येऊन पेटी रिकामी करीपर्यंत तिथून हलले नाहीत.